मुदतीची बाधा

दिवाणी न्यायालयात प्रतिवादीच्या वतीने दाखल होणारी कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेले लेखी उत्तर, चाळून पाहिली तर तिच्यात ‘सदर दाव्यास मुदतीच्या कायद्याची बाधा येते’ हे वाक्य बहुधा असतेच. पुष्कळदा ते केवळ सवयीने घातलेले असते. पण ते खरे ठरले, तर पैसे दिले होते की नाही, जमीन खरोखर कोणाची, हे प्रश्न बाजूला राहतात आणि दावा फेटाळला जातो. प्रतिवादीकडून हे वाक्य लिहायचे राहून गेले तरी वादीची सुटका होत नाही, कारण १९६३ च्या मुदत कायद्याचे कलम ३ ही जबाबदारी थेट न्यायालयावरच टाकते. मुदत उलटलेला दावा, कोणी हरकत घेवो वा न घेवो, न्यायालयाने फेटाळलाच पाहिजे.

हा कायदा १ जानेवारी १९६४ रोजी अमलात आला. त्याची कलमे अवघी ३२ आहेत, पण त्याला जोडलेल्या परिशिष्टात १३७ नोंदी असून तिथे तीन रकाने आढळतात : दावा कोणत्या प्रकारचा, त्याला मुदत किती, आणि ती कोणत्या दिवसापासून मोजायची. सर्वसामान्य पक्षकाराचे लक्ष मधल्या रकान्यावर असते, वकिलांची झटापट मात्र तिसऱ्या रकान्यावरून चालते. पैशाच्या दाव्याला तीन वर्षे आणि जमिनीच्या ताब्याला बारा वर्षे, एवढे गावच्या पारावरही ठाऊक असते. ती तीन किंवा बारा वर्षे कधीपासून धरायची याविषयीच्या गैरसमजाने जेवढे लोक फसतात, तेवढे आकडा ठाऊक नसल्याने फसत नाहीत.

हातउसने दिलेल्या पैशाचे उदाहरण घ्यावे. नात्यातल्या किंवा ओळखीतल्या माणसाला रक्कम देताना ‘तुम्ही मागाल तेव्हा परत करतो’ असा शब्द घेतला जातो, आणि देणाऱ्याची समजूत अशी होते की आपण मागणी करू तेव्हापासून मुदत सुरू होईल, तोवर घाई करून संबंध कशाला बिघडवायचे. परिशिष्ट याच्या नेमके उलट सांगते. मागताच फेडायच्या कर्जाची तीन वर्षे कर्ज दिल्याच्या दिवसापासूनच धावू लागतात, आणि मागणीची वचनचिठ्ठी असेल तर साधारणपणे चिठ्ठीवरच्या तारखेपासून. मग चौथ्या वर्षी वकिलामार्फत कितीही कडक भाषेत नोटीस पाठवली तरी गेलेली मुदत परत येत नाही. तीच रक्कम कर्ज म्हणून न देता, मागू तेव्हा परत करण्याच्या कराराने कोणाकडे ठेव म्हणून ठेवली असेल, तर मात्र मुदत मागणी केल्याच्या दिवसापासून मोजतात, आणि बँकेत ग्राहकाच्या नावे असलेल्या पैशालाही हीच नोंद लागू होते. कर्ज आणि ठेव यांत नोटा त्याच असतात, फरक एवढाच की कर्जात पैसा घेणाऱ्याच्या गरजेपोटी हलतो आणि ठेवीत ठेवणाऱ्याच्या सोयीसाठी. घरगुती व्यवहारात हे कागदावर कोणी लिहून ठेवत नाही, आणि दहा वर्षांनी ते साक्षीपुराव्यातून शोधून काढायची वेळ न्यायालयावर येते.

साठेखताचेही असेच आहे. जमीन किंवा सदनिका पुढे विकण्याचा करार करून इसार घेतला, पण खरेदीखत करून देण्याचे मालक टाळू लागला, तर कराराची प्रत्यक्ष पूर्तता करून मागण्याच्या दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. साठेखतात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, आणि तशी ठरलेली नसेल तर मालकाने नकार दिल्याचे खरेदीदाराला कळले त्या दिवसापासून ती मोजतात. महाराष्ट्रातल्या असंख्य साठेखतांत ‘मोजणी झाल्यावर’ किंवा ‘कलेक्टरची परवानगी मिळाल्यावर’ असे मोघम लिहिलेले असते. ही ‘ठरलेली तारीख’ म्हणायची का, यावर वर्षानुवर्षे वाद चालल्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने २००९ मध्ये असा निर्वाळा दिला की तारीख म्हणजे दिनदर्शिकेवर दाखवता येईल असा निश्चित दिवस. त्यामुळे मोघम साठेखतात सारा भर नकारावर येतो, आणि मालक तोंडावर नकार न देता ‘करू हो, गडबड काय आहे’ असे म्हणत राहिला तर तो नकार नेमका कधी झाला, हे सिद्ध करणे दोन्ही बाजूंना जड जाते.

एवढ्या कडक नियमाची गरज काय, याचे उत्तर साधे आहे. साक्षीदार मरतात, कागदाला वाळवी लागते, आणि तीस वर्षांपूर्वी फेडलेल्या कर्जाची पावती जपून ठेवण्याची अपेक्षा कोणाकडून करता येत नाही. हा विचार इंग्रजांनी प्रथम इथे आणला असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात असे सांगितले आहे की मालकाच्या डोळ्यांदेखत, त्याने चकार शब्द न काढता, दुसऱ्याने जमीन वीस वर्षे आणि इतर धन दहा वर्षे उपभोगले तर मालकाची हानी होते. ही हानी जमिनीची की फक्त तिच्या उत्पन्नाची, हा प्रश्न मिताक्षराकार विज्ञानेश्वराने उपस्थित केला आणि कौल उत्पन्नाच्या बाजूने दिला. केवळ काळ लोटला म्हणून मालकी जावी हे त्याला पटणारे नव्हते. त्याच स्मृतीने गहाण, शिवेचा वाद, विश्वासाने ठेवलेली ठेव, तसेच अज्ञान मुले आणि बुद्धीने पंगू असलेले यांचे धन या नियमातून वगळले आहे. आजच्या कायद्याची अपवादांची यादी वाचताना ही जुनी यादी आठवल्यावाचून राहत नाही.

महाराष्ट्राच्या इतिहासात मात्र मुदतीच्या कायद्याने एकदा वेगळाच रंग दाखवला, आणि तो प्रसंग या विषयावरच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकापेक्षा अधिक शिकवणारा आहे. ब्रिटिश सरकारने १८५९ मध्ये केलेल्या मुदत कायद्याने नोंदणी न झालेल्या कर्जरोख्यांवर दावा करण्यास तीनच वर्षे दिली. त्याआधी मुंबई इलाख्यात सावकाराला याहून बराच जास्त अवधी मिळत असे. जुनाट रोखे वर काढून कुळाला नाडता येऊ नये, हा हेतू चांगलाच होता. पण तीन वर्षे भरत आली की सावकार कुळाला बोलावून घेऊ लागला, आणि पैसे टाक नाहीतर रोखा बदलून दे, असे दोनच पर्याय त्याच्यापुढे ठेवू लागला. पावसाच्या लहरीवर जगणाऱ्या कुणब्याकडे पैसे कोठून असणार? तो नव्या रोख्याखाली, लिहिता येत नसल्याने, नांगराची निशाणी करून देई. या नव्या रोख्यात जुने मुद्दल आणि तीन वर्षांचे थकलेले व्याज यांची बेरीज नवे मुद्दल म्हणून मांडलेली असे.

याचा परिणाम काय होतो हे हिशेबापुरते पाहावे. दरमहा शेकडा दोन रुपये, म्हणजे सालाला २४ रुपये व्याजाने घेतलेले १०० रुपये नऊ वर्षे तसेच राहिले, तर सरळ व्याजाने ३१६ रुपये होतात. तेच दर तीन वर्षांनी रोखा बदलला तर पहिल्या वेळी १७२, दुसऱ्या वेळी २९६ आणि नवव्या वर्षाअखेर ५०९ रुपयांच्या आसपास जातात. वास्तविक दामदुपटीचा जुना नियम, म्हणजे एका वेळी मुद्दलाइतक्याहून जास्त व्याज वसूल करता येत नाही हा दंडक, मुंबई इलाख्यातील हिंदू ऋणकोंना लागू होता, आणि त्यामुळे १०० रुपयांच्या कर्जाची मागणी २०० वर थांबायला हवी होती. पण नव्या रोख्यात व्याजच मुद्दल झाल्यावर दामदुपटीची मोजणीही नव्याने सुरू होई. ऋणकोच्या रक्षणासाठी केलेल्या एका कायद्याने त्याच्या रक्षणाचा दुसरा, अधिक जुना नियम असा निकामी करून टाकला.

पुणे जिल्ह्यातील सुपे या बाजारगावी १२ मे १८७५ रोजी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या दुकानांवर चालून गेला, तेव्हा त्याने वह्या आणि रोखे मागून घेऊन जाळले. दख्खनचे दंगे या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या उठावाची कारणे अनेक होती, अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्यावर कोसळलेले कापसाचे भाव आणि वाढवलेला शेतसारा ही त्यांतली ठळक. परंतु चौकशीसाठी नेमलेल्या आयोगाने मुदतीच्या कायद्याकडेही बोट दाखवले. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो साहाय्य कायदा झाला, त्याने पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांतील शेतकऱ्यांकडून पैसे वसूल करण्याची मुदत कमी केली नाही, उलट वाढवली : नोंदणीकृत दस्तावर बारा वर्षे आणि इतर बाबतींत सहा वर्षे. सावकाराला जास्त वेळ मिळाला की कुळावर रोखा बदलण्याची जबरदस्ती कमी होईल, हा त्यामागचा हिशेब होता. मुदत कमी म्हणजे ऋणकोचे भले, हे समीकरण सरकारला वीस वर्षांत मागे घ्यावे लागले.

रोखा बदलण्याची ती रीत आजही वेगळ्या वेशात चालू आहे. मुदत कायद्याचे कलम १८ असे सांगते की मुदत संपण्यापूर्वी ऋणकोने देणे असल्याची लेखी आणि सहीची कबुली दिली, तर त्या सहीच्या दिवसापासून मुदत नव्याने सुरू होते. कलम १९ प्रमाणे काही रक्कम फेडली आणि त्याचा लेखी पुरावा फेडणाऱ्याच्या अक्षरात किंवा सहीचा असला तरी तेच घडते. कर्जखाते चालू असताना बँक अधूनमधून शिल्लक मान्य असल्याच्या छापील कागदावर सही मागते, ती याचसाठी. ही कबुली ‘देणे आहे, पण आत्ता देणार नाही’ अशा शब्दांत दिलेली असली तरी चालते. मुदत एकदा संपल्यानंतर मात्र नुसत्या कबुलीने काही साधत नाही. तेव्हा करार कायद्याच्या कलम २५ प्रमाणे, मुदतबाह्य झालेले कर्ज आपण फेडू, असे नवे लेखी वचन सहीनिशी द्यावे लागते. समोर आलेला कागद कबुलीचा आहे की वचनाचा, आणि त्यावर तारीख कोणती घातली आहे, हे सही करण्यापूर्वी पाहणारे थोडेच.

मुदत संपली म्हणजे कर्ज नाहीसे झाले, असे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने एका मुंबईच्या गिरणीच्या खटल्यात स्पष्ट केल्याप्रमाणे मुदतीने दाद मागण्याचा मार्ग बंद होतो, देणे तसेच राहते. ऋणकोने मुदतीनंतर आपण होऊन पैसे दिले तर ते परत मागता येत नाहीत, आणि त्याने रक्कम कोणत्या कर्जापोटी हे न सांगता दिली असेल तर धनको ती जुन्या, मुदतबाह्य कर्जात जमा करू शकतो. स्थावर मालमत्तेची गोष्ट मात्र निराळी. तिथे कलम २७ लागू होते, आणि ताबा मागण्याची मुदत संपताच त्या मालमत्तेवरचा हक्कच नष्ट होतो.

विरुद्ध कब्जाचा सिद्धांत तो हाच. दुसऱ्याच्या जमिनीवर उघडपणे, अखंड आणि मालकाचा हक्क नाकारून बारा वर्षे कब्जा ठेवणारा तिचा मालक ठरतो. जमीन सरकारची असेल तर ही मुदत तीस वर्षांची आहे, आणि १९०८ च्या जुन्या कायद्यात ती साठ होती. सर्वोच्च न्यायालयानेच २००८ मध्ये या नियमाला अतार्किक ठरवून सरकारने त्याचा फेरविचार करावा असे सुचवले, तर २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने असा कब्जेदार केवळ बचाव म्हणून नव्हे, स्वतः दावा लावूनही मालकी सांगू शकतो असा निकाल दिला. विधी आयोगाने २०२३ मधील २८० व्या अहवालात कायदा बदलण्याचे कारण नाही असे मत नोंदवले. प्रामाणिक मालकाला हा नियम चीड आणणारा वाटतो, आणि ती चीड समजण्याजोगी आहे. तथापि बारा वर्षांचा नुसता ताबा पुरेसा नसतो, ही गोष्ट लोक विसरतात. भाडेकरू, राखणदार किंवा मालकाच्या परवानगीने राहणारा नातेवाईक कितीही वर्षे राहिला तरी त्याचा कब्जा परवानगीचाच राहतो, आणि म्हणून ‘बारा वर्षे झाली, आता घर माझे’ ही चाळीचाळींतून ऐकू येणारी भाषा बहुतेक वेळा पोकळ असते.

सामाईक जमिनीत तर हे अधिकच लक्षात घेण्यासारखे आहे. बाप वारल्यावर भाऊ जमीन कसतो, सातबाऱ्यावर त्याचेच नाव लागते, आणि सासरी गेलेली बहीण वीस वर्षांनी वाटपाचा दावा लावते, तेव्हा भावाची कैफियत मुदतीच्या त्याच वाक्याने सुरू होते. परंतु एका सहहिस्सेदाराचा कब्जा हा कायद्याने सर्वांच्या वतीने असलेला कब्जा समजला जातो. तुझा हिस्सा मी मानत नाही, असे भावाने बहिणीला उघडपणे, तिला कळेल अशा रीतीने सांगितले नसेल, तर मुदतीचे घड्याळ सुरूच झालेले नसते. नुसता फेरफार झाला म्हणजे ते सुरू झाले, असेही मानत नाहीत.

घड्याळ काही जणांसाठी थांबते. वादी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील, किंवा मनोरुग्ण असेल तर ती अडचण दूर झाल्यावर मुदत मोजतात, मात्र कलम ८ मुळे त्यानंतर तीन वर्षांहून जास्त सवलत मिळत नाही. आईने पालक म्हणून न्यायालयाच्या परवानगीवाचून मुलाची जमीन विकली असेल, तर ती विक्री रद्द करून घेण्यास त्या मुलाला वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंतच वेळ आहे. फसवणूक झाली असेल तर ती उघडकीस आल्यापासून मोजणी होते, आणि चुकीच्या न्यायालयात प्रामाणिकपणे घालवलेला काळ वगळता येतो.

दावा आणि अपील यांच्यात एक भेद आहे, तो न कळल्याने अनेकांची निराशा होते. दिवाणी निकालावर जिल्हा न्यायालयात ३० दिवसांत आणि उच्च न्यायालयात ९० दिवसांत अपील करावे लागते, आणि पुरेसे कारण दाखवले तर कलम ५ खाली विलंब माफ होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये, अशा अर्जांकडे उदारपणे पाहावे आणि प्रत्येक दिवसाच्या उशिराचा खुलासा मागण्याचा अट्टाहास करू नये, असे बजावले. पुढे २०१२ मध्ये फायली टेबलाटेबलांवरून फिरत राहिल्याचे सरकारी खात्यांचे कारण त्याच न्यायालयाने ऐकून घेतले नाही. दाव्याला मात्र कलम ५ लागूच होत नाही. एक दिवस उशीर झालेला दावा कोणत्याही न्यायाधीशाच्या दयेने वाचत नाही. शेवटचा दिवस सुट्टीत पडला तेवढ्यापुरती सवलत आहे, आणि मे महिन्याच्या सुट्टीत संपणारी मुदत न्यायालय उघडण्याच्या दिवशी दावा दाखल करून पाळता येते. अपिलासाठी निकालाची नक्कल मिळण्यात गेलेला काळही वगळतात. तो मोजण्यासाठी नकलेवर अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख शिक्क्यासह नोंदलेली असते; वकील नक्कल हाती येताच निकालाआधी त्या तारखा वाचतो, त्याचे कारण हे.

साऱ्या देशाचे घड्याळ एकदाच थांबले, ते कोविडच्या साथीत. सर्वोच्च न्यायालयाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला, आणि या काळात ज्यांची मुदत संपली असती त्यांना १ मार्च २०२२ पासून किमान ९० दिवस दिले.

विशेष कायद्यांच्या मुदती वेगळ्या असतात आणि त्या बहुधा आखूड असतात : ग्राहक आयोगाकडे तक्रारीस दोन वर्षे, मोटार अपघाताच्या भरपाईच्या अर्जास एप्रिल २०२२ पासून सहा महिने, आणि न वटलेल्या धनादेशाबाबत बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस. गोव्यात तर पोर्तुगीज नागरी संहितेची लांबलचक मुदत लागू की भारतीय कायद्याची तीन वर्षे, हाच प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये पोर्तुगीज संहितेच्या बाजूने दिलेला निर्णय २००१ मध्ये एका बँकेच्या कर्जवसुलीच्या खटल्यात फिरवला, आणि तेव्हापासून मडगावच्या आणि मालवणच्या कर्जाला एकच माप लागते.

खटला जिंकल्याने मुदतीचा विषय संपत नाही. न्यायालयाचा हुकूमनामा हाती आल्यावर त्याची अंमलबजावणी करून घेण्यासाठी दरखास्त द्यावी लागते, तिला बारा वर्षांची मुदत आहे, आणि जिंकल्याच्या समाधानात कपाटात पडून राहिलेला हुकूमनामा तेराव्या वर्षी कागदच राहतो. कायम मनाईच्या हुकूमनाम्याला मात्र कोणतीही मुदत नाही.